वाचकांचे प्रश्न : सगळं आहे, मग रिकामं का वाटतं?

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत. जगायचं कशासाठी, आणि बायबलमध्ये सारखं सारखं "परमेश्वराचं भय" म्हणतात त्याचा त्याच्याशी काय संबंध. म्हणून म्हटलं एकत्रच घेऊ. काही उत्तरं लांबलीत, काही चार ओळीत आटोपलीत, तेवढं चालवून घ्या.

ताई, नमस्कार. वय ४२. नोकरी चांगली, घर स्वतःचं, मुलं अभ्यासात बरी, बायकोशी कुरबुर नाही, म्हणजे तक्रार करायला जागाच नाहीये आणि तरी गेलं वर्षभर सकाळी उठलं की वाटतं हे सगळं चाललंय कशासाठी. प्रमोशन मिळालं तेव्हा दोन तास भारी वाटलं, मग परत तेच. एक मित्र म्हणाला बायबलमधलं उपदेशक वाच. उघडलं तर सुरुवातीलाच सगळं व्यर्थ! मी आणखीनच उदास झालो. असलं पुस्तक बायबलमध्ये ठेवलंच कशाला?

मित्राने पुस्तक बरोबर सांगितलंय हो, पण तुम्ही पहिल्या अध्यायावरच थांबलात असं दिसतंय. एकूण १२ आहेत आणि छोटे आहेत, एका बैठकीत होतात. दुसरा अध्याय तर तुम्हाला ओळखीचा वाटेल. बोलणारा माणूस राजा आहे, परंपरेने त्याला इस्राएलचा राजा शलमोन म्हणतात, बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की पुस्तक शलमोनाच्या कितीतरी शतकांनंतर लिहिलं गेलं, तो वाद आपण सोडून देऊ. हा माणूस ठरवून सगळं करून बघतो. हसणं-खिदळणं, दारू, मग घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, बागांना पाणी द्यायला तळी खणली, गुरंढोरं, सोनंचांदी, गाणारे आणि गाणाऱ्या. डोळ्यांनी जे मागितलं त्याला नाही म्हटलं नाही, असं तो स्वतःच सांगतो. आता गंमत बघा, यातून आनंद मिळालाच नाही असं तो कुठेही म्हणत नाही. मिळाला म्हणतो, कष्टाचं तेवढं फळ पदरात पडलं म्हणतो. म्हणजे तुमचे ते प्रमोशननंतरचे दोन तास त्यालाही मिळाले होते.

मग बिनसलं कुठे? तर तो मागे वळून बघतो आणि त्याच्या डोक्यात येतं की हे सगळं मी कोणासाठी तरी सोडून जाणार, आणि तो शहाणा निघेल का मूर्ख कोणाला माहीत. आणि मग त्याला रात्रीही मनाला स्वस्थता नाही. माझं मत विचाराल तर त्याचं दुखणं बागेत नव्हतंच. बागेने आपल्याला कायमचं टिकवून ठेवावं ही त्याची अपेक्षा होती आणि ते काम बागेला जमणारं नव्हतं. तुमच्या नोकरीला आणि घरालाही जमणार नाही, मुलांनाही नाही, आणि त्यांच्यावर ते ओझं टाकूही नका, बिचारी उगाच वाकतील.

पण याच अध्यायाच्या शेवटी (आणि पुढे परत परत) तो म्हणतो की खावं, प्यावं, आपल्या कष्टात सुख मानावं, आणि हे देवाच्या हातून येतं. म्हणजे त्याच वस्तू! आधी त्या त्याने कमावलेल्या होत्या आणि त्यांचा हिशोब लागत नव्हता, आता त्याच दिलेल्या आहेत आणि हिशोब मागायचाच नाहीये. तिसऱ्या अध्यायात याचं मूळ आहे. प्रत्येक गोष्टीला वेळ असते, जन्माला यायची वेळ, मरायची वेळ, अशा १४ जोड्या दिल्यात आणि त्या झाल्यावर तो म्हणतो की देव जे करतो ते कायम राहतं, त्यात भर घालता येत नाही आणि कमीही करता येत नाही, आणि माणसांनी त्याचं भय धरावं म्हणून त्याने हे असं केलंय. म्हणजे टिकून राहायचं खातं देवाकडे. आपल्याकडे आजचं काम, आजचं जेवण आणि घरातली माणसं. हे एकदा मनापासून मान्य केलं ना की काम हलकं होतं, कारण मग त्या कामाने आपल्याला अमर करायचं नसतं, ते नीट झालं म्हणजे बास.

चौथ्या अध्यायात एक माणूस आहे, फक्त एका वचनापुरता येतो. एकटा आहे, मुलगा नाही भाऊ नाही, तरी कष्टाला अंत नाही, पैशाने डोळे भरत नाहीत, आणि मी हे राबतोय कोणासाठी असं तो विचारतच नाही. तुम्ही विचारताय, म्हणजे तुमचं त्याच्यापेक्षा बरं चाललंय. आणि लगेच पुढच्या वचनात काय येतं, तर एकापेक्षा दोघं बरे, एक पडला तर दुसरा उचलतो. कशासाठी जगायचं याचं उत्तर त्याने व्याख्यान देऊन दिलेलं नाही, शेजारी माणूस आणून बसवलाय. तुम्हाला ज्या मित्राने हे पुस्तक सांगितलं त्याला मनातलं हे सगळं बोललात का? पत्रावरून वाटतं की नाही. आधी तिथे जा.

आणि हो, शेवटच्या अध्यायात त्याने असंही लिहून ठेवलंय की पुस्तकं लिहिण्याला अंत नाही आणि फार अभ्यासाने शरीर शिणतं. तेव्हा जगण्याचा अर्थ शोधायला आणखी दहा पुस्तकं ऑर्डर करू नका.

ताई, मी देवाला मानणाऱ्या घरात वाढले आणि लहानपणापासून एकच ऐकलं, देव बघतोय, देव शिक्षा करेल. दूध सांडलं तरी देव, मार्क कमी पडले तरी देव. आता मी २९ वर्षांची आहे, मुलगी तीन वर्षांची आहे आणि अजून प्रार्थनेला बसले की पोटात गोळा येतो. देवाचं भय हा ज्ञानाचा आरंभ असं म्हणतात, मग माझ्याकडे तर भरपूर ज्ञान असायला हवं होतं ना! मुलीला हे द्यायचं नाहीये मला.

तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तुमच्या पोटातल्या गोळ्याला बायबल देवाचं भय म्हणत नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात दहा आज्ञा झाल्यावर लोक गडगडाट आणि धूर बघून थरथर कापत लांब उभे राहिलेत, आणि त्यांचा पुढारी मोशे त्यांना एकाच दमात दोन गोष्टी सांगतो, घाबरू नका, आणि तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचं भय तुमच्यासमोर राहावं. एकाच वचनात! म्हणजे ज्याला तो घाबरणं म्हणतो ते गेलं पाहिजे आणि ज्याला तो भय म्हणतो ते राहिलं पाहिजे. मग ते राहणारं भय दिसतं कसं?

त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात बघा. मिसरच्या (म्हणजे इजिप्तच्या) राजाने दोन सुइणींना बोलावलं, शिफ्रा आणि पूआ, आणि हुकूम दिला की इब्री (म्हणजे इस्राएली) बायकांची बाळंतपणं करताना मुलगा झाला तर मारून टाका, मुलगी असेल तर जगू द्या. त्या काळात फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, तोंडून निघालेला शब्द म्हणजे काय ते सांगायला नको. या दोघींनी काय केलं, तर त्या देवाचं भय धरणाऱ्या होत्या म्हणून त्यांनी मुलगे जिवंत ठेवले. राजाने परत बोलावून जाब विचारला तेव्हा तोंडावर सांगितलं की इब्री बायका मिसरी बायकांसारख्या नाहीत, दणकट आहेत, सुईण पोचायच्या आत मोकळ्या होतात! मला हा प्रसंग फार आवडतो. आणखी एक बघा, या फारोचं नाव त्या पुस्तकात दिलेलंच नाही, तो नेमका कोणता यावर अभ्यासक अजून वाद घालतायत, पण सुइणींची नावं मात्र दोन्ही नीट लिहून ठेवलीत.

आता हे भय त्यांना काय करतंय? त्या दबून गेल्यात का? उलट त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर त्या उभ्या राहिल्या. देवाला मानल्यावर राजाची भीती उरली नाही.

दुसरं, लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एक छोटी आज्ञा आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर. का बरं इथेच भय आणलं? कारण बहिऱ्याला तुम्ही काय बोललात ते ऐकू येणार नाही आणि आंधळ्याला अडथळा कोणी ठेवला ते दिसणार नाही. पकडलं जायची शक्यता शून्य. तिसरं, नहेम्या. तो यहूदा प्रांताचा सुभेदार होता १२ वर्षं, आणि त्याच्या आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी वसूल करायचे, त्यांचे नोकरसुद्धा लोकांवर अरेरावी करायचे. नहेम्या म्हणतो, देवाच्या भयामुळे मी तसं केलं नाही. हक्काचा भत्ताही त्याने घेतला नाही.

तिन्ही ठिकाणी बघा समोर कोण आहे. नुकतं जन्मलेलं बाळ, बहिरा-आंधळा, कराने पिचलेले लोक. बायबलमधलं देवाचं भय नेहमी कोणातरी दुबळ्याच्या बाजूला उभं असतं, आणि ते धरायचं असतं ज्याच्या हातात ताकद आहे त्याने. तुमच्या घरी नेमकं उलटं झालं. ताकद मोठ्यांची, भय लहान मुलीच्या वाट्याला. सांडलेल्या दुधासाठी देवाला मध्ये आणणं ही मोठ्यांची सोय होती, त्यांनाही बहुतेक त्यांच्या मोठ्यांकडून तेच मिळालेलं असणार, त्यांचा राग धरत बसू नका पण ते खरं होतं असंही मानू नका. १३० व्या स्तोत्रात तर म्हटलंय की तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून लोक तुझं भय धरतात. शिक्षा आहे म्हणून असं नाही म्हटलेलं. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात सरळ आहे की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, कारण भीतीत शिक्षेचा विचार असतो.

मुलीचं म्हणाल तर तिला भयाबद्दल काही शिकवायची आत्ता गरजच नाही. ती तीन वर्षांची आहे, ती बघणार. तुम्ही फोनवर कोणाशी तरी गोड बोलता आणि फोन ठेवल्यावर त्याच माणसाबद्दल काय बोलता हे ती ऐकणार आहे, कारण फोन ठेवला की पलीकडचा माणूस बहिराच असतो ना. लेवीयची ती आज्ञा तिथे कामाला येते. आणि प्रार्थनेला बसल्यावर पोटात गोळा येत असेल तर थोडे दिवस स्वतःचे शब्द नका वापरू, १३० वं स्तोत्र हळू वाचा, आठच वचनं आहेत. तरी त्रास होत राहिला तर समुपदेशकाशी बोला, लहानपणीची भीती एकटीने उपसायला फार जड असते.

तीन चांगले पर्याय समोर आहेत (पुढचं शिक्षण, नोकरी, किंवा घरचा बिझनेस) आणि मला देवाची नेमकी इच्छा कळत नाहीये. दीड वर्षं प्रार्थना करतोय, खूण मिळाली की ठरवणार. चुकीचं निवडलं तर आयुष्य वाया जाईल ना?

नाही जाणार. उपदेशक ११ व्या अध्यायात म्हणतो की जो वाऱ्याकडे बघत बसतो तो पेरत नाही आणि जो ढगांकडे बघतो तो कापणी करत नाही. तुझे दीड वर्षाचे ढग झाले की रे! एक वचन सोडून पुढे तो सांगतो की सकाळी बी पेर आणि संध्याकाळीही हात आवरू नको, कारण हे फळेल का ते, की दोन्ही, तुला माहीत नाही. म्हणजे माहीत नसणं हे त्याने गृहीतच धरलंय आणि तरी पेर म्हणतोय. तीनही पर्यायांत लबाडी नाही, कोणाचं नुकसान नाही, मग देवाचं भय तिथे निवडीच्या आड येत नाही. जे घेशील ते कसं करतोस तिथे येतं. बायबलमधल्याच नीतिसूत्रं या पुस्तकात १५ व्या अध्यायात लिहिलंय की मसलत देणारे पुष्कळ असले की बेत तडीस जातात, तर त्या त्या क्षेत्रातल्या दोन-तीन माणसांना जाऊन भेट आणि या महिन्यात ठरवून टाक.

आयुष्यभर सरळ वागलो. धंद्यात भागीदाराने फसवलं, त्याच वर्षी वडील गेले. मंडळीतले (चर्चमधले) लोक येतात आणि म्हणतात देव परीक्षा घेतोय, काहीतरी पाप राहिलं असेल तपासून बघ. झोप लागत नाही. देवाला भिऊन वागल्याचं हे फळ का?

दादा, आधी त्या येणाऱ्या लोकांबद्दल. बायबलमधल्या ईयोबावर, एका सरळ माणसावर, संकटं कोसळली आणि त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, आणि अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं तेवढंच चांगलं काम. नंतर तोंडं उघडली आणि पानंच्या पानं हेच सांगत राहिले जे तुम्हाला सांगतायत. शेवटी ४२ व्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. लक्षात घ्या, ईयोब काय बोलला होता, तर जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली. ते चाललं. मित्रांची ती तयार उत्तरं नाही चालली.

सरळ वागण्याचं फळ चांगलंच मिळतं हा हिशोब नीतिसूत्रांत भरपूर आहे आणि बहुतेक वेळा खराही असतो. पण उपदेशक आठव्या अध्यायात स्पष्ट म्हणतो की कधीकधी दुष्टाच्या वाट्याचं नीतिमानाला मिळतं आणि नीतिमानाच्या वाट्याचं दुष्टाला. बायबलने दोन्ही ठेवलंय, एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात सैतान देवाला टोचतो की ईयोब काय फुकट देवाचं भय धरतो का? सगळं पुस्तक त्या प्रश्नावर उभं आहे. तुमचा प्रश्नही तोच आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. मोबदला मिळाला नाही तर ते भय खोटं होतं का? मला नाही वाटत. तुम्ही भागीदाराला फसवलं नाहीत, हे त्याने तुम्हाला फसवल्याने बदलत नाही.

देवाने ईयोबाला कारण सांगितलंच नाही. ३८ व्या अध्यायापासून तो त्याला रानबकऱ्या कशा वितात ते दाखवतो, शहामृग दाखवतो, जिथे एकही माणूस राहत नाही त्या ओसाड जमिनीवर पडणारा पाऊस दाखवतो. दुःखाचं उत्तर म्हणून हे विचित्रच आहे. पण ईयोब त्यानंतर शांत होतो, आणि त्याचं गेलेलं परत मिळायच्या आधी होतो, हे बरेच जण वाचताना निसटतं.

झोपेचं मात्र गंभीरपणे घ्या. एलीया संदेष्टा एवढा मोठा, तो थकून झुडपाखाली बसला आणि आता मरण येऊ दे म्हणाला (१ राजे, अध्याय १९). देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत जेवू घातलं. बोलणं कितीतरी दिवसांनी झालं. तुम्ही डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात, आणि मरणाचे विचार येत असतील तर तेही स्पष्ट सांगा, आजच सांगा, एकटे राहू नका. मंडळीतल्या त्या लोकांना पुढच्या वेळी म्हणा, बसा पण बोलू नका.

मी ख्रिस्ती नाही, मंडळीत वगैरे जायचं नाहीये, पण नीतिसूत्रं वाचायला आवडतील. चालेल का? सुरुवात कुठून करू?

चालेल का काय, त्या पुस्तकातच बाहेरची माणसं आहेत! ३१ व्या अध्यायातली वचनं लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली, आणि हा लमुएल इस्राएलच्या राजांच्या यादीत कुठेच नाही. २२ व्या अध्यायाच्या मध्यापासूनचा काही भाग आमेनेमोपे नावाच्या मिसरी लेखकाच्या जुन्या शिकवणीशी इतका जुळतो की अभ्यासक दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. ईयोबसुद्धा ऊस नावाच्या देशाचा होता, इस्राएलचा नव्हे.

एकूण ३१ अध्याय आहेत, तारखेप्रमाणे रोज एक वाचायची जुनी पद्धत आहे आणि ती सोपी पडते. पण पहिले नऊ म्हणजे बापाने मुलाला दिलेली लांब भाषणं, तिथे कंटाळा आला तर सरळ दहाव्यापासून सुरू करा, तिथून सुटी सुटी दोन ओळींची वचनं लागतात. ३० वा अध्याय चुकवू नका, आगूर नावाचा माणूस बोलतो आणि सुरुवातच अशी की मला काही अक्कल नाही. तो देवाकडे मागतो की दारिद्र्यही देऊ नको आणि श्रीमंतीही नको, श्रीमंत झालो तर तुला विसरेन आणि गरीब झालो तर चोरी करेन. स्वतःची इतकी नीट ओळख असलेली प्रार्थना मी तरी दुसरी वाचली नाही.

एक सूचना, वचनं नियम म्हणून वाचू नका. २६ व्या अध्यायात चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं म्हणतं दे. दोन्ही मुद्दाम शेजारी ठेवलीत, कोणतं कधी लावायचं ते आपण बघायचं. फॅमिली ग्रुपवर पुढचा वाद पेटेल तेव्हा टाईप करायच्या आधी ही दोन काढून वाचा आणि काय ठरवलंत ते मला जरूर कळवा.